लाल डोळ्यांचा सारंग

ताडपत्री शिवणं हे बायकांचं काम नव्हे, असं सांगणारे शहाणे पुष्कळ भेटतात. त्यांच्या हातात एकदा ती दाभणासारखी जाड सुई द्यावी आणि म्हणावं, घाला बघू चार टाके. दुसऱ्या टाक्याला बोट सुजतं आणि तिसऱ्याला माणूस घरची आठवण काढतो. काकूंनी मात्र अर्धं आयुष्य त्या सुईवर काढलं.

धक्क्याच्या मागे दोरखंडांची, रंगाच्या डब्यांची आणि जुन्या इंजिनांची दुकानं होती. त्या गल्लीच्या टोकाला काकूंची लांबट खोली. जमिनीवर ताडपत्री पसरलेली, तिच्या मधोमध काकू मांडी घालून बसलेल्या. तळहाताला चामड्याचा पट्टा, पट्ट्यात बसवलेली लोखंडी चकती. चकतीनं सुई रेटायची, पलीकडून पकडीनं ओढायची, मेण लावलेला दोरा खस्सकन ताणायचा. होड्यांची छतं, ट्रकांची आच्छादनं, दुकानांपुढचे पडदे, सगळं इथूनच जायचं. सगळं गाव त्यांना ताडपत्रीवाल्या काकू म्हणायचं, आणि त्यांच्या सुईपेक्षा जिभेला जास्त घाबरायचं. एकदा एक ट्रकवाला कुरकुरला, "काकू, टाके जरा जवळजवळ घाला, मागच्या पावसात माल भिजला." काकूंनी मानही वर केली नाही. "ताडपत्री मालावर घालायची असते रे बाबा. तू ती अंगाखाली घेऊन झोपलास, मग माल भिजणार नाही तर काय होणार?"

ही जीभ त्यांनी नवऱ्याकडून घेतली म्हणावं, तर तसंही नाही. नवरा मुलखाचा अबोल. तो लाँचवर सारंग होता, म्हणजे सुकाणूवर उभा राहून लाँच चालवणारा. या काठावरून त्या काठावर माणसं न्यायची, आणायची. डिझेलच्या धुरानं डोळे कायम लाल. पाण्यावरच्या माणसाची असते तशी डुलत चाल. जमिनीवर आला तरी पाय लाटेची वाट बघत पडायचे. आणि बोलणं नसलं तरी तोंडात कसलंतरी गाणं सतत घोळत असायचं. दारूचं म्हणाल, तर हा गडी खोकल्याचं औषधसुद्धा घ्यायचा नाही. "डोळे जड होतात," म्हणायचा. काकू चिडायच्या, "खोकून खोकून मराल, पण चमचाभर औषध नको!" तो हसायचा आणि खोकत खोकत कामावर जायचा.

आता बाईंविषयी सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्टच नाही.

बाई म्हणजे दवाखान्यातल्या नर्सबाई. दवाखाना पाण्याच्या कडेला, अगदी वळणावर. खाली तपासणीची खोली, वर बाईंचं बिऱ्हाड, बिऱ्हाडाला लाकडी सज्जा. गावातलं जवळजवळ प्रत्येक पोर बाईंच्या हातात पहिल्यांदा रडलेलं. काकूंची लेकही तिथलीच. ती आडवी आली होती. डॉक्टर पल्याड, पाण्याला उधाण, आणि बाईंनी रात्रभर झुंजून मायलेकी दोघींना या जगात ठेवलं. असे उपकार त्या गावातल्या घराघरांत होते. लाँच वळणावर आली की सारंग भोंगा वाजवायचा. बाई हातातलं काम टाकून सज्जात यायच्या, पांढरा टॉवेल हलवायच्या, आणि लाँचमधली माणसं हात हलवायची. हे कुणी सुरू केलं, कधी केलं, कुणाला ठाऊक! नवखा माणूस विचारायचा, "कोण हो त्या?" "आमच्या बाई," एवढंच उत्तर मिळायचं, आणि मग तो नवखाही हात हलवायचा.

पुढे बाईंचे डोळे अधू होत गेले. लांबच्या शहरात शस्त्रक्रिया झाली आणि ती फसली. कितीतरी महिने सज्जा रिकामा होता. तरी सारंग वळणावर भोंगा वाजवायचाच. काकू म्हणायच्या, "कोणासाठी वाजवता? भिंतीला ऐकू येतं का?" तो म्हणायचा, "हाताला सवय आहे."

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी पल्याडच्या मैदानावर शाळांच्या शर्यती होत्या. लाँच पोरांनी भरलेली. बरोबर त्यांचे शिक्षक, काहींच्या आया, आणि शाळेत शिकवणारी बाईंची भाची. बहीण वारल्यावर बाईंनीच तिला लहानाची मोठी केली होती. लाँच भरलेली होती, पण जादा माणसं घेतलेली नव्हती. भरती नुकतीच उलटली होती, पाणी तुडुंब होतं. वळणावर सारंगानं भोंगा वाजवला, आणि सज्जाचं दार उघडलं.

बाई आदल्या दिवशीच परत आल्या होत्या. घरच्यांशिवाय कुणाला पत्ता नव्हता. कठडा चाचपत त्या पुढे आल्या, वाळून काटकी झालेल्या, आणि आवाजाच्या दिशेनं तोंड करून त्यांनी टॉवेल वर केला. लाँचवर कुणीतरी किंचाळलं, "बाई आल्या! अरे, बाई आल्या!" आणि सगळी लाँच त्या बाजूला धावली. पोरं बाकांवर चढली, मोठी माणसं पोरांना उचलून दाखवायला लागली. सारंग सुकाणूवरून घसा फोडून ओरडत होता, "बसा! खाली बसा! एका अंगाला नको!" पण आनंदात माणसाला ऐकू येत नाही. वळणावर ओहोटीची ओढ आडवी लागते. लाँच एका अंगाला झुकली, आणि झुकली ती पुन्हा सरळ झाली नाही.

आणि वर सज्जात बाई टॉवेल हलवत उभ्या. त्यांना दिसत काहीच नव्हतं. ऐकू मात्र येत होतं. बाई! बाई! आणि पोरांचा गलका. त्या हसत होत्या. दवाखान्याचा कंपाउंडर धापा टाकत वर गेला आणि त्यांना दंडाला धरून आत आणू लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब की रे जरा, अजून हाका मारतायत."

कंपाउंडरच्या तोंडून त्या दिवशी जे खोटं निघालं ते त्यानं ठरवून सांगितलं नव्हतं. बाईंना बातमी तर सांगावीच लागणार होती. त्यांची भाची होती त्यात. तो म्हणाला, "लाँच वळणाच्या पुढे गेली हो, आणि वाळूच्या पट्ट्यावर आपटून उलटली." बस्स. खाली उतरून त्यानं तेच दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. ना बैठक झाली, ना शपथा झाल्या. ज्यांची पोरं गेली होती त्यांनीसुद्धा तेच सांगायला सुरुवात केली. असं गाव मी दुसरं पाहिलं नाही.

काकूंना खरं कळलं ते इंजिनवाल्याकडून. तो नवऱ्याचा जिवलग दोस्त, लाँचच्या पोटात इंजिनापाशी असायचा, आणि कसाबसा वर आला होता. संध्याकाळी ओल्या कपड्यांनिशी दारात उभा राहून त्यानं सगळं सांगितलं, सारंग काय ओरडत होता तेही सांगितलं, आणि मग विचारलं, "वहिनी, चौकशीला माणसं येतील. काय सांगू?" काकूंच्या मांडीवर लेक झोपली होती. नवऱ्याचं प्रेत अजून मिळायचं होतं. त्या म्हणाल्या, "काहीही सांगा भाऊजी. पण बाईंचं नाव नको."

चौकशीत वाळूचा पट्टाच नोंदला गेला. वाळू हलते, तिला कोण काय करणार? कुणावर ठपका आला नाही. काकूंनी सुई हातात घेतली. भाची गेल्यावर बाईंना कुणी उरलं नव्हतं, म्हणून काकू आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जायच्या, डोक्याला तेल लावून वेणी घालायच्या, गावाच्या कुचाळक्या सांगायच्या. बाई पोट धरून हसायच्या. अशीच वर्षं गेली. लेक मोठी झाली, शहरात नोकरीला लागली, लग्न होऊन सासरी गेली.

आणि मग सिनेमावाले आले.

आले तेव्हा गावाला कोण आनंद! आपल्यावर सिनेमा! त्यांचा लेखक म्हणजे चष्मा लावणारा, हळू बोलणारा, भला वाटणारा तरुण होता. तो घरोघरी हिंडला. काकूंकडे तर तासन्‌तास बसायचा. काकूंनी त्याला चहा पाजला, हौसेनं सगळं सांगितलं. नवऱ्याचे डोळे धुरानं कसे लाल असायचे, तो कसा डुलत चालायचा, तोंडात गाणं कसं असायचं. नवऱ्याबद्दल इतकं मन लावून विचारणारं दुसरं कोण भेटलं होतं त्यांना? सिनेमातल्या लाँचचं छतसुद्धा काकूंनीच शिवलं, अगदी जुन्या लाँचला होतं तसं. शिवता शिवता त्या दोनदा रडल्या आणि तिसऱ्यांदा त्या लेखकाला ओरडल्या, की असा डोळे मोठे करून बघत बसू नकोस, तो दोरा मेणात घाल.

सिनेमा लागला. सगळं गाव गेलं. लेक मुद्दाम रजा काढून आली आणि आईच्या शेजारी बसली. आधी बाई आल्या पडद्यावर: वय पंचविशीचं, ओठ रंगवलेले, सज्जात उभं राहून गाणं म्हणतायत. लोक खो खो हसले. मग सारंग आला. काकूंना आधी कळेचना की हा आपला नवरा. डोळे लाल. चाल डुलती. तोंडात गाणं. आणि सुकाणूखाली बाटली.

लाल डोळे खरे, डुलती चाल खरी, गाणं खरं. एकही गोष्ट त्या लेखकानं मनची घातली नव्हती. बाटली तेवढी घातली. सज्जासमोर लाँच आणून त्या दारुड्यानं सुकाणू सोडलं, लाँच उलटली, आणि थिएटरात मागून कुणीतरी हुंदका देत म्हणालं, "मेल्याला पाण्यातच जायला हवं होतं." म्हणणारं माणूस परगावचं असेल, पण ते काकूंच्या काळजात बसलं.

सुरुवातीलाच पडद्यावर लिहिलं होतं, सत्य घटनेवर आधारित. आधार कसला घेऊन बसलात! भिंतीवरची खुंटी खरी, तिच्यावर टांगलेला सदरा यांचा.

त्यानंतर काय काय झालं ते सांगायला नको, पण सांगतो. गल्लीतली पोरं हातात बाटली धरल्यासारखं करून सारंग-सारंग खेळायला लागली. एक गिऱ्हाईक काकूंना म्हणालं, "तुम्हीही किती सोसलं असेल हो!" काकूंनी त्याची ताडपत्री त्याच्या अंगावर फेकली. आणि लेकीची सासू, जी तोवर शब्दानं दुखवत नव्हती, ती नातवाला मांडीवर घेऊन म्हणाली, "लग्नाच्या वेळी आम्हाला सांगायला हवं होतं. रक्तातल्या गोष्टी असतात या."

लेक संतापानं पेटून आली. तिला खरं कारण माहीत नव्हतं. लहान होती, पोराच्या पोटात काही राहत नाही म्हणून काकूंनी कधी सांगितलंच नव्हतं. पण बाप पीत नव्हता हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं त्या लेखकाला गाठलं, धारेवर धरलं. तो आला. मान खाली घालून काकूंसमोर बसला.

"काकू, मी मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला. "त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा मी शोधल्या. ज्या वेळी लाँच उलटली त्या वेळी वाळूच्या पट्ट्यावर पुरुषभर पाणी होतं. लाँच तिथे आपटूच शकत नाही. म्हणजे गाव काहीतरी लपवतंय. आणि सगळं गाव मिळून एखाद्याला झाकतं, ते कशासाठी? मला वाटलं, गेलेल्या माणसाची बदनामी नको म्हणून."

गावानं मायेपोटी जे खोटं सांगितलं होतं, त्याच खोट्याच्या फटीतून हे दुसरं खोटं आत शिरलं होतं.

"खरं कारण सांगा," लेखक म्हणाला. "दिग्दर्शकाशी माझं बोलणं झालंय. तो प्रसंग काढून टाकू, सगळीकडे जाहीर करू. वाळूचं तेवढं सांगू नका."

लेक म्हणाली, "सांग आई. काय झालं होतं?"

काकू उठल्या. "संध्याकाळी सांगते. मला आधी बाईंकडे जाऊन येऊ दे."

जाताना त्यांचं ठरलेलं होतं. नवऱ्याची अब्रू ही काय कमी गोष्ट आहे? तो बिचारा ओरडत होता, बसा, बसा म्हणत होता, आणि जगानं त्याच्या हातात बाटली दिली. आता सांगायचंच. पण बाईंना दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये. आपणच जवळ बसून, हात धरून सांगायचं. बाई आता म्हाताऱ्या झाल्यात, पोक्त आहेत, समजून घेतील. अशी मनाची समजूत घालत काकू दवाखान्याचा जिना चढल्या.

बाई सज्जाजवळच्या खुर्चीत बसलेल्या होत्या. आता त्यांना उजेडही दिसत नव्हता. पावलांच्या आवाजावरून ओळखून म्हणाल्या, "ये गं. तुझीच वाट बघत होते. बस इथं जवळ."

काकू बसल्या. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. त्या सुईनं राठ झालेल्या तळव्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"अगं, तो सिनेमा," बाई म्हणाल्या. "खाली दवाखान्यात काम करणारी मुलगी सांगत होती. त्यात म्हणे लाँच माझ्या सज्जासमोरच उलटते."

काकूंनी सज्जाच्या दाराकडे पाहिलं.

"तेव्हापासून मला झोप नाही," बाई म्हणाल्या. "तुला एक सांगू? हसू नकोस. त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी सज्जात आले होते. डोळे गेले होते, वाटत होतं आता कशाला जगायचं. आणि ती सगळी पोरं माझ्या नावानं ओरडायला लागली. बाई, बाई! असं कुणी कुणाच्या नावानं ओरडलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्याच्यानंतर वळणापुढे जाऊन ती पोरं गेली, माझी भाची गेली, तुझा नवरा गेला, सगळं खरं. पण तो ओरडा माझ्याजवळ राहिला. त्याच्यावर मी जगले गं." त्यांचा आवाज बारीक झाला. "आणि आता ही मुलगी म्हणते, सज्जासमोर उलटली. मग ते ओरडणं कसलं होतं? मला हाका मारत होती, की वाचवा म्हणत होती? आणि मी टॉवेल हलवत होते?"

काकू लगेच म्हणाल्या, "छे हो बाई! सिनेमावाल्यांना सज्जा छान दिसला म्हणून तिथं दाखवली. त्यांचं काय खरं मानता? त्यांनी तुम्हाला ओठ रंगवून गाणं म्हणायला लावलंय."

बाई हसल्या नाहीत. "म्हणजे ते खोटं."

"साफ खोटं."

"मग दारूचंही खोटं असेल."

काकूंनी मोकळ्या हातानं पदर सारखा केला.

"मग उलटली कशानं?" बाई म्हणाल्या. "वाळूनं म्हणू नकोस. मी डोळ्यांनी आंधळी आहे, पाण्याला नाही. या सज्जात जन्म गेला माझा. तेव्हा पाणी भरून होतं, मी त्याचा आवाज ऐकत होते. तेव्हाच मनात आलं होतं, पण विचारायचं धाडस झालं नाही. तू मला कधी फसवणार नाहीस. सांग. दारू नाही, वाळू नाही, मग लाँच उलटली कशानं?"

काकूंच्या ओठावर सगळं आलं होतं. तुमच्यासाठी धावली हो माणसं, एवढं एक वाक्य होतं. खाली घरी लेक वाट बघत होती, तो लेखक वाट बघत होता. नवरा ओरडत होता, बसा, बसा. आणि समोर ही म्हातारी, न दिसणारे डोळे काकूंच्या तोंडाकडे लावून, हात घट्ट धरून बसलेली. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, तो एक ओरडा होता.

"दारूचं खरं आहे," काकू म्हणाल्या. "प्यायलेला होता तो."

बाईंचा अंगठा थांबला.

"रोज प्यायचा?"

"रोज."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

बाईंनी हात काढून घेतला. हळूच काढला, झटकला नाही. बोलल्या तेव्हा ओळखीचा आवाज नव्हता तो. "माझी पोर होती त्या लाँचवर. इतकी वर्षं माझ्या केसांना हात लावत होतीस, इथं बसून मला हसवत होतीस, आणि हे पोटात ठेवून? जा तू. पुन्हा येऊ नकोस."

काकू उठल्या. जिना उतरताना त्यांना पायऱ्या दिसेनात, इतके डोळे भरून आले होते. नवरा बुडाला तेव्हा त्या अशा रडल्या नव्हत्या.

लेखकाला त्यांनी दारातूनच वाटेला लावलं. "आहे ते राहू द्या. मला काही सांगायचं नाही." तो गेला, खांदे पाडून. जाता जाता त्यानं काकूंकडे असं बघितलं, की आपला अंदाज बरोबर होता हे त्याला आता पटलं असावं.

लेकीला मात्र त्यांनी सगळं सांगितलं. लेक ऐकत राहिली, रडली, आणि मग भडकली. "बाईंसाठी बाबांना दारुडा केलंस?"

"तुझे बाबा गेलेत गं. त्यांना काही ऐकू येत नाही. बाईंना येतं."

"आणि मला? मला ऐकू येत नाही? माझ्या सासूला मी काय सांगू? माझा पोरगा उद्या विचारेल, त्याला काय सांगू?"

काकू एवढंच म्हणाल्या, "बाई आहेत तोवर थांब. त्यांच्यामागं मी स्वतः सांगेन. धक्क्यावर उभी राहून सगळ्यांना सांगेन."

इंजिनवाला आला, तोही भांडला. "वहिनी, मी जिवंत आहे अजून! मी सांगतो बाईंना, तो पाणीसुद्धा गाळून प्यायचा म्हणून!" काकूंनी त्याला नवऱ्याची शपथ घातली. तो ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडला. त्याच वर्षी त्याची छाती भरून आली आणि तो गेला.

बाई त्यानंतरही बरीच वर्षं जगल्या. सज्जात बसायच्या. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला, जुन्या-नव्या, लहान-मोठ्या सगळ्यांना सांगायच्या की सारंग प्यायलेला होता, त्याच्या बायकोनंच मला सांगितलं. जुनी माणसं हे ऐकायची आणि खाली मान घालायची. काय बोलणार? खरं बोलायचं तर ते बाईंनाच सांगावं लागलं असतं. म्हणून ती गप्प राहिली, आणि एकेक करत संपली. कुणी मुलाकडे राहायला गेलं, कुणी देवाघरी. नव्यांनी बाईंचं बोलणं ऐकलं आणि सिनेमा बघितला, आणि दोन्ही एकच सांगत होते. काकूंना बाईंनी पुन्हा जवळ केलं नाही. बाई गेल्या तेव्हा काकू लांब, माणसांच्या मागे उभ्या होत्या.

त्यानंतर काही दिवसांनी लेक आली. काकूंनी धुतलेलं लुगडं नेसलं, लेकीचा आधार घेतला आणि धक्क्यावर गेल्या. लाँच लागायची होती, माणसं बाकांवर बसली होती. आताचा सारंग तरुण पोरगा, बाईंच्याच हातचा, काकूंना मानणारा. त्यानं उठून त्यांना बसायला जागा दिली.

काकूंनी सगळं सांगितलं. सज्जाचं दार उघडलं ते, पोरं धावली ते, नवरा ओरडला ते. बाईंना का खोटं सांगितलं तेही. माणसं गोळा झाली. काकू थांबल्या तेव्हा तरुण सारंग त्यांच्यापुढे उकिडवा बसला आणि मायेनं म्हणाला, "काकू, किती त्रास करून घेता? बाईंनी आम्हाला सांगितलंय ना सगळं. तुमच्याच तोंडून ऐकलं म्हणाल्या."

"तेव्हा मी खोटं बोलले रे."

"असू दे. होतं असं. बायको नवऱ्याला झाकणारच, आणि झाकावंच तिनं. तुम्हाला कुणी नावं ठेवत नाही."

लेक पुढे झाली, काही बोलू लागली. काकूंनी तिला हातानं थांबवलं आणि त्या पोराच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "बाईंची शपथ घेऊन सांगते, तो थेंबालाही शिवला नव्हता."

पोरानं त्यांचा राठ हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"काकू," तो म्हणाला, "बाईंची तरी खोटी शपथ घेऊ नका."